मदत हवी आहे : पावसाळ्यात अडकलेला खण आणि फ्लॅटमधलं सुतारकाम

नमस्कार मंडळी,

मुलुंडला लहानशा फ्लॅटमध्ये राहतो. सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत सुतारकाम करतो, जवळपास सगळं हाताच्या अवजारांनीच: करवत, रंधा, पटाशी, गुण्या. लाकूड जुना सागवान. चाळी पाडल्या की दरवाजे, तुळया, खिडक्यांच्या चौकटी जुन्या लाकडाच्या वखारींत येतात, तिथून आणतो. वरचा काळपट थर रंध्याखाली निघाला की आतून सोनेरी लाकूड दिसतं आणि तो तेलकट वास येतो, त्यापुढे बाकीचा खटाटोप काहीच वाटत नाही. (नवीन लोकांसाठी: अशा फळीवरून आधी लोहचुंबक फिरवा. आत तुटलेले खिळे असतात आणि रंध्याच्या पात्याची वाट लागते.)

आता अडचण. उन्हाळ्यात दोन खणांचं कपाट केलं. मे महिन्यात खण अलगद सरकत होते. आता एक अर्ध्यावर थांबतो आणि दुसरा पार अडकलाय. बाजूंची फट होती तेवढीच आहे, घट्ट झालाय तो वर-खाली. लाकूड लांबीत नाही, आडव्या अंगाला फुगतं, हे माहीत आहे. पण सागवान त्यातल्या त्यात कमी हलणारं लाकूड, त्यात हे कित्येक दशकं वाळलेलं. तरी असं का व्हावं? आत्ताच रंधा मारून मोकळा करू, की दिवाळीपर्यंत थांबू? आता काढलं तर हिवाळ्यात खडखडेल अशी धास्ती आहे.

हे आत्ताच विचारतोय, कारण पुढचं काम आईच्या पूजेसाठी चौरंग. वरची फळी पट्ट्या जोडून सव्वा फूट रुंद होईल. ती चौकटीवर कशी बसवावी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये वाकणार नाही?

शिवाय पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने हात द्यायला मला मनापासून आवडतं, पण या हवेत त्यावर पांढुरकी साय धरते. आणि पटाशीवर ठोकलं की आवाज स्लॅबमधून खालच्या काकूंकडे जातो. त्यांचं नातवंड दुपारी झोपतं, त्यांना त्रास द्यायचा नाही.

प्रतिसाद

दादा, लाकूड कितीही जुनं असो, हवेतला ओलावा घेणं-सोडणं थांबत नाही. सहा इंच उंचीच्या बाजूत मिलिमीटरभर फरक सहज पडतो, आणि खण अडकायला तेवढा पुरतो.

थांबू नका, पावसाळ्यातच रंधा. लाकूड आत्ता सर्वांत फुगलेलं आहे, म्हणून किती काढायचं ते आत्ताच नेमकं कळतं. जिथे घासलं जातं तिथे पेन्सिलची खूण करा, जेमतेम सरकेल इतकंच काढा आणि कडांना मेणबत्ती घासा. हिवाळ्यात मिलिमीटरची फट दिसेल, ती चालते. नुसतं थांबलात, तर दिवाळीला तो आपोआप सैल होईल आणि पुढच्या जुलैत पुन्हा अडकेल. एक मात्र करा, खणाला आतूनही पॉलिश द्या. त्याने ओलावा थांबत नाही, पण सावकाश शिरतो.

चौरंगाच्या फळीला चौकटीशी फेव्हिकॉल अजिबात नको. मधला स्क्रू घट्ट, कडेच्या स्क्रूंची चौकटीतली भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा.

लाखेचा हात उघडीप असेल त्या दुपारीच, अगदी पातळ. आलेली साय कोरड्या दिवशी स्पिरिटचा बोळा हलका फिरवला की बऱ्याचदा जाते. अळशीचं तेल वापरणार असाल, तर भिजलेली फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात. मोकळी पसरून वाळू द्या.

खाचेतलं लाकूड आधी हाताच्या ड्रिलने काढा, मग पटाशी नुसती दाबून बाजू साफ करा. ठोकणं फार थोडं उरतं. खाली जाड रबरी मॅट हवीच.

धागाकर्ता

खूप आभार. खणाचं पटलं, रविवारी तेच करतो. कपाटाची पाठ प्लायची आहे आणि स्क्रूंवरच आहे, तेव्हा अडकलेला खण मागून ढकलून काढता येईल. चौरंगासाठी अजून एक विचारतो: पट्ट्या जोडताना टोकाला दिसणाऱ्या वाढीच्या वर्तुळांची बाजू आलटून-पालटून ठेवावी, की सगळ्यांची एकाच दिशेला?