ट्विनसेटसाठी विंग किती किलोची घ्यावी?

मलप्रभाकाठ

नमस्कार. मी खानापूरचा, वय ३१, वजन ६८ किलो. गेल्या तीन हंगामांत नेत्राणी, ग्रँड आयलंड आणि मालवण धरून ५२ स्कूबा डाइव्ह झाल्या. सगळ्या भाड्याच्या जॅकेटवर (हवा भरून तरंगायचं जाकीट) आणि एका अॅल्युमिनियम सिलिंडरवर. येत्या फेब्रुवारीत पुदुच्चेरीला टेक्निकलचा पहिला कोर्स करायचं ठरवलंय: ट्विनसेट म्हणजे पाठीवर जोडलेले दोन सिलिंडर, सोबत बाजूला अडकवायचा एक स्टेज सिलिंडर, ४५ मीटरपर्यंत खोली आणि वर येताना डेकोचे थांबे, म्हणजे अंगात साठलेला नायट्रोजन निघून जायला घ्यायचे थांबे. बाबांना सांगितलंय, आईला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

प्रश्न सामानाचा आहे: विंग, म्हणजे पाठीवरची हवा भरायची तरंगपिशवी, आणि ती व सिलिंडर जिला बसतात ती बॅकप्लेट. एका दुकानदाराशी फोनवर बोललो. तो म्हणाला, २७ किलो लिफ्टची (म्हणजे पाण्यात तेवढं उचलणारी) डबल ब्लॅडर (आत दोन पिशव्या असलेली) विंग घ्या, स्टीलची बॅकप्लेट घ्या, मोठी घेतली की परत बघायला नको. त्यानं सांगितलेली रक्कम माझ्या दोन पगारांएवढी आहे. चांगल्या वस्तूला पैसे द्यायला मी तयार आहे, पण एकदाच घेणार, म्हणून विचारतोय. २७ किलो खरंच लागते का? डबल ब्लॅडर हवीच का? आणि प्लेट आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत करून घेतली तर चालेल का? तिथं हायड्रॉलिकचे एवढे अवघड पार्ट होतात, मग भोकं पाडलेला एक पत्रा का होणार नाही, असं मला वाटतं.

अजून एक. नेत्राणीला जॅकेट फुगवलं की मी उभा होतो आणि पाय खाली लोंबतात. गाईडनं दोनदा खुणेनं पाय वर घ्यायला सांगितलं. ही माझी चूक की जॅकेटची, तेही सांगा. सूट सध्या ५ मिमीचा आहे.

चिकोडीकर

डबल ब्लॅडरच घे, डोळे झाकून. एक फुटली तर दुसरी. जिवाचा प्रश्न आहे, तिथं पैसे बघू नये.

उद्यमबागवाला

मलप्रभा, तू खानापूरचा म्हणजे घरचाच, म्हणून सविस्तर लिहितो. कशाला घाई करूलास? फेब्रुवारीला वेळ आहे.

विंग घेताना लोक तिच्यावर छापलेली लिफ्ट बघतात. बघायची असतात ती डाइव्हची दोन टोकं. पहिलं टोक तळाशी, सुरुवातीला: सिलिंडर भरलेले, सूट दबलेला, तेव्हा तू किती जड आहेस. दुसरं टोक शेवटी, तीन मीटरवर: सिलिंडर संपत आलेले, तेव्हा थांबा धरता येतो की तू वर सुटतोस. या दोन टोकांमधला फरक सांभाळणं एवढंच विंगचं काम. पाण्याखाली त्याहून जास्त तिला उचलावं लागत असेल तर तू नको ते वजन अंगावर घेतलेलं असतं.

आता हिशेब कर. हजार लिटर हवेचं वजन साधारण सव्वा किलो. आपल्याकडे सगळीकडे मिळणारा अॅल्युमिनियम ८० सिलिंडर भरला की त्यात पावणेतीन किलोच्या आतबाहेर गॅस असतो. भरलेला असताना तो समुद्रात साधारण ७०० ग्रॅम जड असतो आणि रिकामा झाला की दोन किलोनं वर ओढतो. म्हणजे दोन सिलिंडरचा ट्विनसेट डाइव्हभरात पाच-सव्वापाच किलोनं हलका होतो. त्यात सूट धर. सूटच्या निओप्रीन रबरातले बुडबुडे चाळीस मीटरवर पाच पट दाबाखाली असतात, त्यामुळे सूटची तरंगायची ताकद बरीचशी निघून जाते. माझ्या ३ मिमीच्या सूटसाठी मी दीड-दोन किलो धरतो, तुझ्या ५ मिमीला तीन धर. बेरीज आठ किलोच्या जवळपास येते.

पृष्ठभागावर सगळं सामान अंगावेगळं करून बोटीशेजारी सोडलं तर ते तरंगायला हवं, तो हिशेबही करून बघ. भरलेले सिलिंडर, मॅनिफोल्ड (दोन सिलिंडर जोडणारी नळी), पट्टे, स्टील प्लेट, रेग्युलेटर, टॉर्च हे सगळं मिळून माझ्याकडे नऊ किलोच्या आत येतं. म्हणून अॅल्युमिनियम ट्विनसेट आणि गरम पाणी असेल तर १८ किलोची विंग भरपूर झाली. २७ किलोची विंग मोठे स्टील सिलिंडर, थंड पाणी आणि चार-चार स्टेज नेणाऱ्यांसाठी. तुझ्यासारख्यानं ती लावली की ती रिकामीच राहते, सिलिंडरच्या दोन्ही बाजूंनी वर मुडपते, तिच्या घडीत हवा अडकते आणि हवा सोडायचा डंप व्हॉल्व्ह ओढला तरी ती बाहेर येत नाही. डेकोच्या थांब्यावर अडकलेली हवा फार वाईट.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी थायलंडमध्ये मला १२ लिटरचे दोन स्टील सिलिंडर भाड्यानं मिळाले. वर स्टील प्लेट, अंगात ३ मिमीचा सूट, आणि सवयीनं कंबरेला दोन किलो शिसं. बोटीवर कुणी हिशेब विचारला नाही आणि मीही केला नाही. ३४ मीटरवर विंगमध्ये हवा भरायच्या इन्फ्लेटरच्या होजचा खांद्याजवळचा एल्बो (वाकडा जोड) सैल झाला. त्या प्लास्टिकच्या आट्यांवर माझी नजर सकाळी पडायला हवी होती, आटे बघणं हाच माझा धंदा आहे. विंगमधली सगळी हवा खांद्यावरून भसाभसा निघून गेली. साडेसहा किलो गॅस, दबलेला सूट, मुळातच जड असलेले सिलिंडर. मी पाय मारत होतो आणि गेजवर खोली वाढत होती. दम लागला, श्वास जोरात घ्यायला लागलो. कंबरेचं शिसं मांड्यांमधून येणाऱ्या क्रॉच स्ट्रॅपखाली अडकलेलं, ते सुटेना. जोडीदारानं माझा हार्नेस पकडला, स्वतःच्या विंगमध्ये हवा घातली आणि मला नांगराच्या दोरीपाशी नेलं. दोरी हाताला लागल्यावर मी दोन्ही हातांनी धरली. आजही दोरी दिसली की तो हात आठवतो.

स्टील ट्विनसेट आणि वेटसूट हे जोडपं मी तेव्हापासून टाळतो. ड्रायसूट (आत पाणी न येणारा सूट) असेल तर गोष्ट वेगळी, त्यात हवा भरता येते. वेटसूटवाल्यानं अॅल्युमिनियम सिलिंडर लावावेत आणि थोडं शिसं लागलंच तर एका हातानं सोडता येईल अशा जागी ठेवावं.

चिकोडीकरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. सुरुवातीलाच, तळाशी विंग गेली तर आठ किलो पायांच्या जोरावर वर नेणं तुला जमणार नाही, मलाही जमत नाही. म्हणून वेटसूटमध्ये ट्विनसेट घेऊन खोल जाणाऱ्याकडे वर यायचा दुसरा उपाय हवाच, आणि डबल ब्लॅडर हा तसा उपाय आहे. पण डोळे झाकून नको. दुसऱ्या ब्लॅडरचा इन्फ्लेटर चिकटला आणि हवा हळूहळू भरत राहिली तर तुला कळतच नाही ती कुठून येतेय, तू चुकीचा इन्फ्लेटर दाबत बसतोस आणि वर सुटतोस. म्हणून पहिल्या ब्लॅडरची होज उजव्या व्हॉल्व्हवर, दुसरीची डाव्या. दुसरीची होज क्विक रिलीजमधून काढून ठेवायची की जोडलेली, ते कोर्सच्या सरांना विचार आणि ते सांगतील तेच कर. दोन्ही इन्फ्लेटर हाताला वेगवेगळे लागले पाहिजेत. इन्फ्लेटर चिकटला तर होज तोडायची, हे हाताला इतकं पाठ हवं की डोकं चालवावं लागू नये.

आता प्लेट. हा माझा विषय. उद्यमबागेत होते, मी स्वतः दोन केल्यात. ३ मिमी पत्रा, ग्रेड ३१६ घे. ३०४ स्वस्त पडतो, पण समुद्राच्या मिठानं त्याला ठिपके पडतात. बोल्टच्या दोन भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ११ इंच म्हणजे २८० मिमीला थोडं कमी, कारण जगभर ट्विनसेटचे पट्टे याच अंतराला बसतात. मधली घडी दोन सिलिंडरच्या खोबणीत नीट बसली पाहिजे. पट्ट्याच्या खाचा ५० मिमी पट्ट्यासाठी कापायच्या. लेझर कटिंगनंतर काठ धारदार राहतात, तिथं लोक चुकतात. प्रत्येक खाचेचा काठ कानसीनं गोल कर, बोटानं फिरवून बघ, मग पट्टा ओव. धारदार खाच सहा महिन्यांत पट्टा कापते. अशी प्लेट अडीच किलोच्या आसपास होते. अॅल्युमिनियमची किलोभर भरते आणि विमानात न्यायला बरी, पण मग उरलेलं वजन शिशानं भरावं लागतं. तुझं सामान रेल्वेनं जाणार असेल तर स्टीलच कर.

हार्नेससाठी एकसंध पट्टा घे, प्लास्टिकचे बकल खांद्यावर नको. पाय लोंबायचं कारण यातच आहे. जॅकेट हवा बगलेत आणि पोटाभोवती धरतं, शिसं कंबरेला असतं, म्हणून खालचं अंग बुडतं. विंगमध्ये हवा पाठीवर पसरते, प्लेटचं वजन फुफ्फुसांच्या वर येतं, आणि माणूस आडवा होतो. थोडी तुझीही चूक असेल, गुडघे वाकवून घोटे वर ठेवायची सवय लागते, पण गाईडनं खूण केली म्हणून मनाला लावून घेऊ नको.

निपाणीकरीण

उद्यमबागवाले दादांशी सहमत, एक भर घालते. मी ४९ किलोची. ट्विनसेट पाठीवर घेऊन हलत्या बोटीच्या शिडीवर चढणं मला जमत नाही, म्हणून मी साइडमाउंट शिकले, म्हणजे सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही कुशींना लावायचे. सिलिंडर एकेक करून पाण्यात घेते आणि वर येताना एकेक वर देते. विंग लहान लागते आणि ट्विनसेट न मिळणाऱ्या सेंटरवरही दोन साधे सिलिंडर मिळतात. पण अॅल्युमिनियम सिलिंडर रिकामे होत आले की त्यांचे बूड वर उचलतात आणि तुमचे पायही वर ओढले जातात. अर्धा गॅस झाला की मागची हुकं पुढच्या रिंगमध्ये सरकवावी लागतात. पहिल्या दहा डाइव्हना मी ते विसरले. ६८ किलोच्या माणसानं आधी ट्विनसेटच शिकावा असं माझं मत, पण पाठीचं दुखणं असेल तर हा पर्यायही डोक्यात ठेवा.

मलप्रभाकाठ

दादा, ताई, मनापासून धन्यवाद. दादा, तुमची थायलंडची गोष्ट दोनदा वाचली. अजून एक विचारतो. किती शिसं लागतं त्याची चाचणी बेळगावात गोवावेसच्या पोहण्याच्या तलावात करून ठेवली तर कोर्सला उपयोग होईल का? समुद्रात दर वेळी जाणं परवडत नाही.

उद्यमबागवाला

तलावात जरूर कर, सराव होतो. पण तिथला आकडा समुद्रात तसाच वापरू नको. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड असतं. तू आणि तुझं सामान मिळून ११० किलोच्या आसपास धरलं तर समुद्रात पावणेतीन किलो जास्त लागतात. बेळगावला बरोबर बसलेलं वजन घेऊन मुरुडेश्वरच्या समुद्रात गेलास तर थांब्यावर वर सुटशील.

खरी चाचणी अशी. डाइव्ह संपताना सिलिंडरमध्ये ४० बार दाब उरलाय, तीन मीटरवर आहेस, विंग पूर्ण रिकामी आहे, श्वास शांत आहे. हात-पाय न हलवता तिथंच थांबता आलं तर वजन बरोबर. खाली जात असशील तर एक किलो काढ. माझ्या बाबतीत अॅल्युमिनियम ट्विनसेट, स्टील प्लेट आणि ३ मिमी सूट एवढ्यावर शिशाचा एक तुकडाही लागत नाही. तुझ्या ५ मिमीला दोन किलो लागतील असा अंदाज आहे, पण चाचणी केल्याशिवाय माझा आकडा धरू नको.

आणि खर्चाचं सांगतो. ट्विनसेटची विंग आत्ता घेऊच नको. कोर्समध्ये त्यांचीच भाड्यानं वापर, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या मागून बघ. आत्ता प्लेट, हार्नेस आणि एका सिलिंडरची १३-१४ किलोची विंग एवढंच घे आणि नेत्राणीला दहा-बारा डाइव्ह त्यावर कर. प्लेट पुढेही तीच राहते. कोर्स झाल्यावर तुला कुणालाच विचारावं लागणार नाही.

पुढचं या धाग्याच्या विषयात बसत नाही, पण खानापूरचा आहेस म्हणून लिहितो. गोव्याला डाइव्ह करून संध्याकाळी चोर्ला घाटानं घरी यायची आपल्याला सवय आहे. बेळगाव साडेसातशे मीटर उंचावर आहे, आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की डाइव्हनंतर अंगात उरलेला नायट्रोजन बुडबुडे धरू शकतो. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डाइव्हरांच्या सुरक्षेची संस्था ६०० ते २४०० मीटर उंचीसाठी सांगतं की एकच साधी डाइव्ह असेल तर १२ तास थांबा, अनेक डाइव्ह असतील तर १८, आणि डेको केलं असेल तर १८ हून बराच जास्त वेळ. हे लिहिलंय विमानासाठी, पण शरीराला घाट आणि विमान यातला फरक कळत नाही. पणजीत किंवा वास्कोत नातेवाईक शोध आणि रात्र काढ. मी मामाकडे राहतो.

मलप्रभाकाठ

वास्कोत आत्या आहे. डाइव्हनंतर आम्ही आजवर त्याच संध्याकाळी परत यायचो, थांबायचं असतं हे ठाऊकच नव्हतं. येत्या शनिवारी प्लेटचं माप घेऊन उद्यमबागेत येतो. दादा, ३१६ चा पत्रा कुठल्या दुकानात मिळेल ते मेसेजवर सांगा. कानस मी घरून आणतो.