‘पब्लिक की’ला किल्ली म्हणावं का?

प्रश्न

लिनक्सवर डेटाबेस कसा बसवायचा, याची टिपणं मी मराठीत लिहितेय. पुण्यात माझ्याकडे शिकायला येणारी बरीच मुलं सोलापूर, साताऱ्याकडची आहेत, त्यांना ती हवी आहेत. परवा एकीचं पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवताना ‘एपीटी अपडेट’लाच अडलं (एपीटी म्हणजे लिनक्सवर सॉफ्टवेअर उतरवून बसवणारं साधन). पडद्यावर ‘नो पबकी’ आणि पुढे १६ अंक-अक्षरांची ओळ. मी म्हटलं, “सार्वजनिक किल्ली सापडत नाहीये.” तिनं विचारलं, “मॅडम, पण कुलूप कशाला आहे?” तेव्हापासून हा शब्द मला खटकतोय. किल्ली, चावी, कुंजी, यातला कुठला घ्यावा?

उत्तर

चावी पोर्तुगीजांकडून आली, किल्ली आपल्याकडे घरोघरी आहे, कुंजी हिंदी वळणाची वाटते. पण तिन्ही शब्द ऐकले की डोळ्यांपुढे कुलूपच येतं. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण इथे उघडायचं काहीच नाही. इथे सही पडताळायची आहे.

बँकेत खातं उघडताना आपण नमुना सही देतो. चेक आला की त्यावरची सही त्या नमुन्याशी ताडून बघतात. पब्लिक की म्हणजे ही नमुना सही. ‘नो पबकी’चा अर्थ एवढाच: सही केलेला कागद आला आहे, पण ताडून बघायला आमच्याकडे नमुना नाही. असं सांगितलं की उपाय वेगळा समजावावा लागत नाही. नमुना आणायचा, आणि तो डेटाबेसवाल्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आणायचा. सही न बघताच चेक वटवायचा पर्यायही एपीटीत आहे, तो मुलांना शिकवू नका.

सही हा शब्दही बघण्यासारखा आहे. मूळ अरबी, अर्थ ‘बरोबर, खरं’. हिंदीत तोच अर्थ टिकला, मराठीत त्याची सिग्नेचर झाली. सरकारी ‘डिजिटल स्वाक्षरीत सातबारा’मुळे स्वाक्षरीही रुळली आहे, पण टिपणात मी सहीच लिहीन.

आणखी एक मत

नमुना सही पटली, पण एक गोष्ट त्यात येत नाही. चेकवरची सही खरी असूनही कोणी रकमेत शून्य वाढवू शकतो. डिजिटल सहीत एक अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. त्यासाठी मला शिक्कामोर्तब जवळचा वाटतो. शिवाजी महाराजांच्या पत्रांत वर राजमुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब. तिच्याखाली कोणी ओळ घुसडली तर लगेच कळावं.

एपीटीत सही प्रत्येक पॅकेजवर, म्हणजे बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यावर, नसते. ती ‘रिलीज’ नावाच्या फाइलवर असते, त्या फाइलीत पॅकेजांच्या याद्यांचे हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी खूण, मजकूर बदलला की तीही बदलते), आणि याद्यांत पॅकेजांचे. एका मोर्तबीखाली सगळं दप्तर येतं. आरपीएम या दुसऱ्या पॅकेज-पद्धतीत मात्र पॅकेजवरच सही असते.

किल्लीच्या ‘फिंगरप्रिंट’ला, म्हणजे तिची ओळख पटवणाऱ्या अंक-अक्षरांच्या ओळीला, ठसा म्हणा. तो सहसा ४० अक्षरांचा असतो. संकेतस्थळावर दिलेल्या ठशाशी पूर्ण ताडायला सांगा. शेवटची ८ अक्षरं जुळणारी खोटी किल्ली मुद्दाम बनवता येते.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचे आभार. टिपणात ‘किल्ली’ ठेवतेय, कारण मुलांना पुढे ‘की’ हाच शब्द भेटणार. पण पहिल्याच ओळीत नमुना सही समजावून देईन. जुन्या ‘एपीटी-की’ आज्ञेबद्दलही त्यामुळे सोपं झालं. तिनं आणलेला नमुना सगळ्याच रिपॉझिटऱ्यांना (पॅकेजं जिथून उतरतात त्या साठ्यांना) चालायचा, म्हणजे एकाची नमुना सही कुणाच्याही खात्यावर चालावी तसं. म्हणून ती आज्ञा आता वापरू नये म्हणतात. आता किल्ली ‘कीरिंग्ज’ फोल्डरमध्ये ठेवायची आणि रिपॉझिटरीच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून तिथेच बांधायची.

एक राहिलं. ‘एक्सपायर्ड की’ला काय म्हणू? कालबाह्य म्हटलं की वस्तू जुनाट झाली असं वाटतं.

उत्तर

‘मुदत संपलेली किल्ली’. मुदत वाढवून मिळते, हे त्या शब्दातच आहे, आणि घडतंही तसंच. किल्ली तीच ठेवून मुदत वाढवली असेल तर पुन्हा उतरवून घेतल्यावर ठसा पहिलाच दिसेल. ठसा बदलला असेल तर किल्लीच नवी आहे. तेव्हा ४० अक्षरं परत पहिल्यापासून ताडायला सांगा.