मदत हवी आहे: सतरा वर्षं अनुभवाची नर्स महाग, आजची पास झालेली स्वस्त?

नमस्कार मंडळी. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) नर्स, सोलापुरातल्या एका ७० खाटांच्या खाजगी दवाखान्यात १७ वर्षं आयसीयूला आहे. नुकत्याच पास झालेल्या सहा मुली घेतल्यात आणि आम्हा तिघी जुन्यांना सांगितलंय, कमी पगारावर नव्याने करारपत्र करा, नाहीतर बघा.

पोरींवर राग नाही. हुशार आहेत, चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग केलंय, कॉम्प्युटरवर माझ्यापेक्षा भराभर नोंदी करतात. पण परवा रात्री कर्नाटकातल्या इंडीकडची एक आजी नुसती कन्नडमधून पुटपुटत होती. मॉनिटरवर सगळं ठीक, पण घाम आणि चेहरा बघून मला खटकलं, ईसीजी काढायला लावला. अॅटॅक निघाला. हे पुस्तकात असतं, पण नजर बसायला वर्षं जातात. पुन्हा या पोरींना शिकवायचंही आम्हीच!

सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० ते १०० खाटांच्या खाजगी दवाखान्यात नर्सचा पगार सरकारी पगारापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त कमी नसावा, अशी शिफारस केली होती. आमच्याकडे त्याच्या आसपासही नाही.

विचारायचं हे:
नवं करारपत्र सही केलं तर जुनी सेवा आणि ग्रॅच्युइटी धोक्यात येते का? कामगार आयुक्त कार्यालयात आधी जावं की वकिलाकडे? कुणी यातून गेलंय का? सही करायला सोमवारपर्यंतच वेळ दिलाय. ताई-दादांनो, जरा लवकर सांगा.