कवंडळ, इंद्रावण, वृंदावन: फळ एकच की तीन?

ओसरी:
परवा मंडईजवळच्या एका काष्ठौषधीच्या दुकानात गेले होते. सासूबाईंचा कान अधूनमधून ठणकतो आणि त्यांना त्यांच्या आईच्या हातचं कवंडळाचं तेल आठवलं. (डॉक्टरांकडे जाऊन आलोय, पडदा शाबूत आहे. तेल कानात घालायचं नाही, कानामागे चोळायचं आहे. तेव्हा तो सल्ला कृपया नको.)

दुकानात म्हटलं, "कवंडळ आहे का?" गल्ल्यावरच्या आजोबांनी आत हाक मारली, "इंद्रावण काढ रे." मी म्हटलं, "इंद्रावण नको हो, कवंडळ." आजोबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "तेच ते. लाल पाहिजे का पिवळं?"

लाल मागितलं. कागदावर लिंबापेक्षा थोडी मोठी, विटकरी रंगाची, सुरकुतलेली फळं ओतली. हलवलं की आत बिया खुळखुळत होत्या. पिवळंही दाखवलं, ते चेंडूसारखं गोल आणि हातात घेतल्यावर अगदीच हलकं.

माझं माहेर इंदापूरकडचं. आमच्याकडे इंद्रावण म्हणजे माळावर जमिनीसरशी पसरणारा वेल आणि पिवळी फळं. आजी त्यालाच 'कडू वृंदावन' म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, ती अंगणातल्या तुळशीच्या वृंदावनाबद्दल बोलतेय. एकदा मी खरंच त्याच्या कोपऱ्याला जीभ लावून बघितली होती. चुना लागला, कडू नाही लागलं.

तर प्रश्न असा की हे तीन शब्द एकाच फळाचे आहेत का? आणि 'दिसायला देखणं, आत कडू' अशा माणसाला आपण जे म्हणतो ते नेमकं कुठलं फळ?

रानवाटा:
फळं दोन, नावं तीन. तुमचे आजोबा 'तेच ते' म्हणाले तिथे चुकले, पण 'लाल का पिवळं' विचारलं तिथे अगदी बरोबर होते.

पिवळं ते इंद्रावण, सिट्रुलस कोलोसिंथिस. कलिंगडाच्या सख्ख्या कुळातलं, पानंसुद्धा तशीच कातरलेली. कोरड्या, रेताड जमिनीत पसरतं. कच्चं फळ हिरव्या पट्ट्यांचं, पिकल्यावर पिवळं, गर पांढरा आणि भुसभुशीत, म्हणूनच वाळल्यावर हलकं होतं. जहाल रेचक आहे, घरच्या घरी पोटात घेण्याची वस्तू नव्हे.

लाल ते कवंडळ, ट्रायकोसँथिस ट्रायकस्पिडाटा. हे पडवळाच्या कुळातलं. पावसाळ्यात ताम्हिणीकडे गेलात तर झाडांवर उंच चढलेला वेल दिसेल. नर आणि मादी वेल वेगळे असतात, त्यामुळे काही वेलांना नुसतीच फुलं येतात आणि लोक म्हणतात 'वांझ आहे'. फूल पांढरं, पाकळ्यांच्या कडांना लोकरीच्या झालरीसारखे धागे, आणि उमलतं रात्री. ट्रायकोसँथिस या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी 'केसाळ फूल'. पिकलेलं फळ लालभडक, त्यावर नारिंगी रेघा. आणि कापलंत तर आत काळपट हिरवा लगदा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फळ सडलंय असंच वाटलं होतं.

तांबडी माती:
आम्हा कोकणातल्यांना हा प्रश्नच पडत नाही 🙂 गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, तिला कवंडळं टांगलेली असतात. तेवढ्या हिरव्या पसाऱ्यात लाल रंग त्यांचाच. इंद्रावण मी आजवर फक्त वाचलंय.

पेठेतला:
दिवाळीत नरकचतुर्दशीला आंघोळ झाल्यावर पायाखाली फोडतो तेच ना हे?

तांबडी माती:
नाही हो! ते कारीट. तुम्ही पुण्यात चिराटं म्हणता ते. छोटं, हिरवं, काकडीच्या भाऊबंदातलं. डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, बी जिभेला लावायचं आणि वर्षभराचा कडूपणा तिथेच संपवायचा. कवंडळ फोडलंत तर तुळशीपुढे काळा चिखल होईल.

काना-मात्रा:
घोळ कुठे झाला ते सांगतो, कारण तो शब्दातच आहे.

संस्कृतात पिवळ्याला इंद्रवारुणी, लालला महाकाल. इंद्रवारुणीचं इंद्रावण झालं, हिंदीत इंद्रायण. पण हिंदीत महाकालालाही 'लाल इंद्रायण' म्हणतात. काष्ठौषधीचा व्यापार बराचसा हिंदी नावांवर चालतो, त्यामुळे दुकानदाराच्या लेखी दोन्ही इंद्रावणच, फक्त रंग वेगळा. आपलं कवंडळ गिऱ्हाइकाच्या तोंडात राहिलं, डब्यावरच्या चिठ्ठीवर काही आलं नाही.

'वृंदावन' हे मला इंद्रावणाचंच ओळखीचं करून घेतलेलं रूप वाटतं. कानाला जवळचा शब्द सापडला की जीभ तिकडे वळते. संतांच्या अभंगात साखरेत घोळूनही कडू राहणारं वृंदावन येतं ते हेच. तुळशीचा तिथे काही संबंध नाही. ओसरीताई, तुमची जीभ भलत्या वृंदावनाला लागली.

आता देखण्या कडू माणसाबद्दल. रूढ दाखला इंद्रावणाचा आहे, तो चूक म्हणणार नाही. पण बंगालीत 'माकाल फळ' म्हणतात, अर्थ अगदी हाच, आणि माकाल म्हणजे महाकाल, म्हणजे आपलं कवंडळ. मला विचाराल तर बंगाल्यांनी फळ नेमकं निवडलं. इंद्रावण आतबाहेर फिकंच, कडू आहे एवढंच. बाहेर लालभडक आणि आत काळं हे कवंडळच करू जाणे.

पेठेतला:
मग 'शेंदाड शिपाई' मधलं शेंदाड?

काना-मात्रा:
ते तिसरंच. शेतात आपोआप उगवणारं, खरबुजाच्या जातीचं, पिकलं की फुटतं. ते खातात, कडू नसतं. भित्र्या शिपायासाठी वेगळा धागा काढा.

ओसरी:
सगळ्यांचे आभार. अपडेट: तिळाच्या तेलात लाल फळं कढवली. घरभर असा उग्र वास की शेजारच्या काकू बघायला आल्या. सासूबाईंनी बाटली नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "फळ तेच आहे गं, पण आमची आई ओलं घालायची. आणि खोबरेलात." आता ओलं कवंडळ पुण्यात कुठे शोधू?

तांबडी माती:
हरतालिकेच्या आदल्या दिवशी सकाळी लवकर मंडईबाहेर जा. माटवीचं सामान घेऊन बायका बसतात, गेल्या वर्षी मला तिथेच मिळाली होती. आणि कवंडळ असंच मागा. इंद्रावण म्हणालात तर त्या तुमच्याकडे बघत बसतील.