मदत हवी आहे : कथा मध्येच अडते, पुढे कशी न्यायची?

नमस्कार मंडळी, कथा लिहिणाऱ्यांना विचारायचं आहे.

मला कथा सुचते ती बहुतेक एखाद्या वाक्यातून, नाहीतर कुणाच्या तरी बोलण्याच्या ढबीतून. पहिली चार-पाच पानं झरझर उतरतात आणि मग पात्र अडून बसतं. सध्याच्या कथेत एक बाई वारलेल्या भावाचं कपाट आवरतेय. कोटाच्या खिशात तिला एक किल्ली सापडते, घरातल्या कुठल्याच कुलपाला न लागणारी. इथवर सगळं जिवंत आहे. पण ती किल्ली कशाची, हे मलाच ठाऊक नाही, आणि मी ठरवून काही लिहायला गेले की बाईची लगेच कळसूत्री बाहुली होते. उलट भलत्याच वेळी, दुसरंच काही करताना, तिसऱ्याच अपुऱ्या कथेचा शेवट लख्ख दिसतो!

आराखडा आधी करा, असं काहीजण सांगतात. शेवट आधी लिहा, असंही. काफ्काने 'द ट्रायल'चं पहिलं आणि शेवटचं प्रकरण १९१४ मध्ये सुरुवातीलाच लिहिलं होतं, तरी कादंबरी अपुरीच राहिली. म्हणजे नुसता शेवट हाती असून भागत नाही, असं मला वाटतं.

तुम्ही अडलेली कथा बाजूला ठेवता, की रेटून पहिला खर्डा पुरा करता? दोन अपुऱ्या कथा एकत्र करून कुणाला काही गवसलंय का? आणि एखादी कथा आता सोडून द्यावी, हे कशावरून ओळखता? या बाईला मला सोडायचं नाहीये, म्हणून स्वतःच्या अनुभवातलं सांगितलंत तर फार बरं होईल.