मदत हवी आहे: खिडकीची चौकट आणि बाहेरचं प्लास्टर यांमधली भेग कशाने भरावी?

अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत. चौकट आणि बाहेरच्या सिमेंट प्लास्टरच्या मध्ये ३ ते ६ मिमी भेग पडली आहे, दोन्ही बाजूंना आणि वरही. वाऱ्याचा पाऊस आला की आतल्या कोपऱ्यात ओल येते. चौकटीच्या खालच्या पट्टीतली पाणी जाण्याची भोकं मोकळी आहेत, बाहेरच्या सिलचा (खिडकीखालच्या कट्ट्याचा) उतारही बाहेरच आहे. दोन्ही पाणी ओतून तपासलं.

आधी व्हाइट सिमेंट भरलं, ते उन्हाळ्यात चिरलं. मग व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावलं. ते अ‍ॅल्युमिनियमला घट्ट बसलं, पण प्लास्टरच्या बाजूने पट्टीसारखं सुटून आलं. हे सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही, हे नंतर कळलं. शिवाय भेगेत मागे फोमची दोरी न घालता नुसतंच दाबून भरलं होतं, तीही चूकच.

आता जुनं सगळं खरवडून, प्लास्टर कापून १० मिमी रुंद खाच करायची, आत फोमची दोरी आणि वरून सीलंट (भेग बंद करणारं लवचिक भरण), असा विचार आहे. चौकट काढता येणार नाही. भिंतीला नंतर रंग द्यायचा आहे, त्यामुळे रंग धरेल असंच सीलंट हवं.

सीलंट पॉलियुरेथेनचं घ्यावं की एमएस पॉलिमरचं? प्लास्टरच्या कडेला आधी प्रायमर (सीलंट नीट धरावं म्हणून द्यायचा पहिला हात) लागतोच का? आणि चौकटीची खालची कडही सील करायची, की आत शिरलेलं पाणी निघायला ती मोकळी ठेवायची? ज्यांनी स्वतः केलंय आणि निदान दोन-तीन पावसाळे टिकलंय, त्यांनी कृपया सांगा.