अनुभव धागा: इंदूरहून मुंबईला उतरताना खिडकीतून काय दिसलं?

मुंबईत आपलं कुणीच नाही, असं मराठी घर इंदुरात शोधावं लागेल. कुणाची मुलगी ठाण्याला, कुणाचा भाऊ दादरला. एरवी आपण अवंतिका एक्स्प्रेसने जातो. संध्याकाळी बसायचं आणि सकाळी बोरिवली आलं की सामान खाली काढायचं. गाडीतून मुंबई रुळांच्या दोन बाजूंना दिसते तेवढीच. विमानात मात्र शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत ती बरीचशी नजरेखालून जाते.

आपण माळव्याच्या पठारावरचे. आपलं शहर वाढलं ते चहूकडे, राऊकडे म्हणा नाहीतर सुपर कॉरिडॉरकडे. वाटेत आडवं येणारं काही नव्हतंच. मुंबईला ती सोय नव्हती. ती उत्तरेकडे एवढी लांब का पसरली आणि दक्षिणेला इतकी दाटीने का उभी राहिली, हे मला वरूनच नीट उमगलं. म्हणून हा धागा. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. दिवस होता की रात्र, कुठला ऋतू, कुठल्या बाजूची खिडकी, हेही सांगा. फोटो नसला तरी चालेल.

सुदामानगर, निवृत्त पाणीपुरवठा अभियंता

सगळी नोकरी पाण्याच्या खात्यात गेली, त्यामुळे माझी नजर आधी पाणी शोधते. बिजासन टेकडी मागे पडली की थोड्याच वेळात नर्मदा, मग सातपुडा, मग तापी. त्यानंतर बराच वेळ नुसता तपकिरी मुलूख. आणि सह्याद्रीची धार ओलांडून विमान खाली येऊ लागलं की शहापूरच्या आसपास मोठाले तलाव दिसतात: वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा. त्या वेळी बाकीचे लोक पट्टा लावण्यात, खुर्ची सरळ करण्यात गुंतलेले असतात. मी काचेला कपाळ टेकवून बसतो. माझ्या मते मुंबई इथूनच सुरू होते.

तानसाचं धरण 1892 सालचं. मोडक सागर 1957 चं, नानासाहेब मोडक या अभियंत्याच्या नावाचं. मध्य वैतरणा तर अगदी अलीकडचं, 2014 चं. हे पाणी बरंचसं उताराने शहराकडे येतं. आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून साधारण 70 किलोमीटर, तेही घाट चढवून आणावं लागतं. पंपांच्या आवाजात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हा उतार वरून पाहताना काय वाटतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. हेवा म्हणा हवा तर.

पुढे थेट शहराच्या पोटात आणखी तीन तलाव आहेत. विहार 1860 चा, तुळशी 1879 चा, आणि पवई. पवईचं पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत. विहार आणि पवई भरून वाहिले की ते पाणी मिठी नदीत जातं, आणि ही मिठी विमानतळाच्या धावपट्टीखालून वाहत माहीमच्या खाडीला मिळते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. इंदूरला साधारण अख्ख्या वर्षात तेवढा पडतो. चाकं टेकतात तेव्हा दर वेळी माझ्या मनात येतं, खाली नदी आहे. मुंबईतल्या तरुण मंडळींना हे सांगितलं की त्यांना नवल वाटतं. त्यांनी ही नदी फक्त पुलावरून, नाला म्हणून पाहिलेली असते.

नारायणबाग

मी पंच्याहत्तरीत पहिल्यांदा विमानात बसले, नातीच्या बारशाला. मुलाने खिडकीची जागा मला दिली. समुद्र मी गणपतीपुळ्याला पाहिला होता, पण तो किनाऱ्यावरून. लाटा, आवाज, पायाखालून सरकणारी वाळू. वरून तो हलतच नव्हता. साय धरलेल्या दुधासारख्या बारीक सुरकुत्या, बस. मी मुलाला म्हटलं, "अरे, हा थांबलाय का?" तो म्हणाला, "आई, तो नाही थांबला, आपण फार वर आहोत."

मग खाली आलो तशी घरं दिसायला लागली. उजव्या बाजूला एक टेकडी, आणि टेकडीभर घरंच घरं, एकाला एक चिकटून. छपरांवर निळं प्लास्टिक, त्यावर विटा, टायर ठेवलेले. इतक्या जवळून विमान जातं की एका गच्चीवर वाळत घातलेली साडी मला नीट दिसली, हिरवी, लाल काठाची. तिथे एक बाई उभी होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. दिवसातून किती विमानं तिच्या डोक्यावरून जात असतील! त्या घरात तान्हं मूल असेल तर ते झोपतं कसं, हाच विचार मी बारसं होईपर्यंत करत होते. सुनेला विचारलं, तर ती म्हणाली ते घाटकोपर, असल्फा.

लोकमान्यनगर

वडिलांच्या उपचारांसाठी परळला ये-जा होती, त्या काळातलं लिहितो. तेव्हा शहर पाहिलं असं म्हणता येणार नाही. डावीकडे बसलो की दक्षिणेकडच्या उंच इमारतींच्या गर्दीत परळ कुठे असेल ते शोधायचो. सापडायचं नाही. वडील मधल्या सीटवर डोळे मिटून असायचे. एकदा त्यांनीच विचारलं, "सी लिंक दिसला का रे?" दिसला होता, धुरकट, दोन बारीक रेघा आणि त्यांचे खांब. त्यांना दाखवायला मी मागे सरकलो आणि ते माझ्या अंगावरून वाकून पाहत राहिले. ते बँकेत होते, तरुणपणी वरळीला राहिलेले. म्हणाले, "आमच्या वेळी इथे नुसता समुद्र होता." पूल 2009 चा, त्यांनी आधी पाहिलाच नव्हता. बाकी फार सांगवत नाही. आता ते बरे आहेत.

विजयनगर, सध्या मुक्काम पवई

मी बहुतेक रात्रीच्या विमानाने येतो. रात्री दिव्यांपेक्षा अंधार वाचायला शिका, असं मी सांगेन. मुंबईवर अंधाराचे तीन प्रकार आहेत. एक, समुद्र: पूर्ण काळा, मध्येच मासेमारीच्या होड्यांचे एकेकटे दिवे. दुसरा, खाडी: काळ्या पट्ट्यावर पुलांच्या दिव्यांच्या सरळ ओळी, ऐरोलीचा पूल, वाशीचा पूल आणि दक्षिणेला खूप लांबवर गेलेला अटल सेतू. तो 21.8 किलोमीटरचा, जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. तिसरा अंधार शहराच्या मधोमध, बोरिवलीपासून पवईच्या वरपर्यंत. तिथे ना होडी ना पूल. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, 100 चौरस किलोमीटरहून जास्त जंगल, आणि त्यात बिबटे. चारी बाजूंनी दिवे त्याला भिडलेले दिसतात. ती कडा पाहिली की छातीत धस्स होतं. हे जंगल टिकलं पाहिजे, असं मला दर वेळी अगदी मनापासून वाटतं.

धागाकर्ती

आजींनी साडीचे काठ टिपले, वा! एक विचारते. पावसाळ्यात आम्हाला वर बराच वेळ घिरट्या घालाव्या लागल्या. हे नेहमीचंच का? आणि सात बेटं वरून ओळखता येतात का?

स्नेहलतागंज, भूगोलाची शिक्षिका

घिरट्या नेहमीच्याच. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. विमानं फार, त्यात पाऊस, मग वर थांबायचं. पण मला त्या घिरट्या आवडतात. एकदा जुलैमध्ये आम्ही वसईच्या बाजूला फिरत होतो. ढग फाटला तेव्हा उल्हास नदीचं गढूळ पाणी वसईच्या खाडीतून समुद्रात शिरताना दिसलं. मातकट आणि करडं, दोन पाण्यांमधली सीमा बऱ्याच अंतरापर्यंत स्पष्ट होती. वर्गात फळ्यावर नदीचं मुख मी कितीदा काढलं असेल, पण त्या दिवशी ते खाली चालू होतं.

बेटं आता ओळखता येत नाहीत. कुलाबा, धाकटं कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम यांच्यामधल्या खाड्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बुजवल्या. वरळीजवळचा हॉर्नबीचा बांध हे त्यातलं सुरुवातीचं मोठं काम. पण माहीमची खाडी अजून आत शिरलेली दिसते, आणि तिच्यावरून अंदाज बांधता येतो. भराव पाहायचा असेल तर दक्षिण टोकाला नरिमन पॉइंटची कड बघा. निसर्गाचा किनारा इतका सरळ कापलेला नसतो.

ठाण्याच्या खाडीचा काठ मात्र अजून बराच नैसर्गिक आहे. गडद हिरवी खारफुटी, तिच्यातून वळणं घेत गेलेल्या बारीक नाळा, आणि मागे भांडुप, कांजूरची मिठागरं. हिवाळ्यानंतर या चौकोनांचे रंग वेगवेगळे असतात, कारण प्रत्येकातलं पाणी कमी-अधिक आटलेलं असतं. खाडीच्या या भागाला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, उतरताना मोबाइल बाजूला ठेवा, ही दोन मिनिटं चुकवू नका.

देवास

सगळे उतरण्याचंच लिहितायत, म्हणून उड्डाणाचं लिहितो. वारा पश्चिमेचा असला की विमान समुद्राच्या दिशेने उडतं आणि लगेच जुहू येतं. उजव्या खिडकीतून जुहूची छोटी धावपट्टी दिसते. जे.आर.डी. टाटा 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले ते याच जुहूला. आता तिथे हेलिकॉप्टरं उभी असतात. पुढच्याच क्षणी वाळू, मग वर्सोव्याच्या होड्या, आणि मग खाली फक्त पाणी. शहर संपतं ते असं एकदम. इंदूरहून उडताना शेतं, वीटभट्ट्या, ढाबे, गोदामं असं हळूहळू विरळ होत जातं. इथे मधलं काही नाहीच.

राजेंद्रनगर

पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन जाते आहे, दोघांचाही पहिला विमानप्रवास. कुठल्या बाजूच्या जागा घेऊ?

स्नेहलतागंज, भूगोलाची शिक्षिका

सकाळचं विमान घ्या. बहुतेक वेळा पूर्वेकडून येऊन पश्चिमेला तोंड करून उतरतात, त्यामुळे सूर्य पाठीशी असतो आणि शहर उजळलेलं दिसतं. उजवीकडे पवई, जंगलाचे डोंगर आणि आजींची टेकडी. डावीकडे चेंबूर, तुर्भ्याचे डोंगर आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिण मुंबई. डिसेंबर-जानेवारीत धुरकं फार, पाऊस ओसरल्यावरचे दिवस सगळ्यात चांगले. आईंना एका बाजूला आणि बाबांना दुसऱ्या बाजूला खिडकी द्या, तुम्ही आईंच्या शेजारी बसा. पंखावरची रांग तेवढी टाळा.